पेडलवर वीट ठेवली तर?

वडनेरला रेल्वे स्टेशन नाही. हैदराबादकडे जाणारा ४४ नंबरचा महामार्ग आहे, त्यावरून रात्रंदिवस धावणारे ट्रक आहेत, ट्रकवाल्यांसाठी ढाबे आहेत. पण रूळ बघायचे तर हिंगणघाट गाठावं लागतं. १८७० च्या दशकात इंग्रजांनी वर्ध्याहून लोहमार्ग काढला तो हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा बघून. त्या हिशोबात वडनेर कुठंच बसलं नाही, आणि वडनेरनंही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

तरीही हल्ली आमच्या घरातून रोज रात्री जेवणं आटोपली की एक गाडी सुटते. ती हागेनहून निघते आणि फिनेनट्रोपला पोचते. दोन्ही गावं जर्मनीतली, लेने नदीच्या खोऱ्यातली. पैकी पहिल्या स्टेशनचं नाव घरात मोठ्यानं घ्यायचं नाही, निदान जेवताना तरी नाही, असा माझ्या आईचा हुकूम आहे. म्हणून आम्ही नुसतं 'जंक्शन' म्हणतो.

या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे माझा भाचा. आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. सध्या असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करतो, असं तो सांगतो. २०२४ च्या भरतीत रेल्वेनं आधी ५,६९६ जागा काढल्या आणि मग त्या वाढवून १८,७९९ केल्या. सरकारी जागा कमी झालेल्या आपण पाहिल्या आहेत, रद्द झालेल्याही पाहिल्या आहेत. वाढलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या. तेव्हापासून आमच्याकडे ज्याच्या हातात आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, त्यानं रेल्वेचा फॉर्म भरलेला आहे असं खुशाल समजावं.

भाच्यानं फॉर्म भरला, पुस्तकं आणली आणि मग 'प्रॅक्टिकल अभ्यासासाठी' म्हणून नागपूरहून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. त्यात ब्रिटनच्या डव्हटेल गेम्स कंपनीचा 'ट्रेन सिम वर्ल्ड' नावाचा खेळ. परीक्षेत दोन पेपर असतात, नंतर कॉम्प्युटरवरची अभियोग्यता चाचणी असते, तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ गुण लागतात. जर्मन रेल्वेबद्दल एकही प्रश्न यात कुठं नसतो. हे मी त्याला एकदा सौम्यपणे सुचवलं. तो म्हणाला, "मामाजी, बेसिक क्लिअर होते ना जी." 'बेसिक क्लिअर होणं' या सबबीपुढं आमच्या पिढीचा इलाज चालत नाही. शिवाय याच नोकरीला चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते आणि हा रात्री दोनपर्यंत स्क्रीनला डोळे लावून बसतो, हा मुद्दा माझी बहीण फोनवरून अधूनमधून मांडत असते. तो 'हो हो' म्हणतो. या 'हो हो'कडे पुढं यायचंच आहे.

मला वाटलं होतं, गाडी चालवायचा खेळ म्हणजे गाडी चालवायची. रुळावरून जाते, वळवायची भानगड नाही, पुढं दामटायची आणि स्टेशन आलं की थांबायचं. प्रत्यक्षात भाचा गाडी चालवताना कमी आणि हजेरी देताना जास्त दिसायचा. थोडा वेळ गेला की टक्. परत थोडा वेळ, परत टक्. आईला आतल्या खोलीत झोप लागेना. तिनं एकदा विचारलंच, "काय ठोकून राहिला बे तू रातभर?"

"आजी, मी जागा हाओ हे सांगून राहिलो."

"कोणाले?"

"इंजिनाले."

आई काही बोलली नाही. मुलगा हातचा जातोय असं वाटलं की ती बोलत नाही, दुसऱ्या दिवशी मिरच्या ओवाळते.

तर या यंत्रणेचं नाव झिफा. जर्मन इंजिनात ड्रायव्हरच्या पायाखाली एक पेडल असतं, ते दाबून धरायचं. दर ३० सेकंदांच्या आत ते एकदा सोडून पुन्हा दाबायचं. विसरलात तर समोर दिवा लागतो. अडीच सेकंद वाट बघून आवाज सुरू होतो. आणखी अडीच सेकंद तुम्ही ढिम्म राहिलात तर यंत्र असं धरून चालतं की ड्रायव्हर एक तर झोपला आहे किंवा वारला आहे, आणि गाडीला आपणहून ब्रेक लावतं. खेळात पाय लागत नाही, कीबोर्डवरचं 'क्यू' दाबलं की भागतं. तेच ते टक्.

आता आमच्या दादाची ओळख करून देतो. दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. उभी हयात एसटीचा ड्रायव्हर होता. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्याच्या शोकेसमध्ये आहे. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी तो दाखवला जातो. दादा एका रात्री सहज येऊन मागं खुर्ची टाकून बसला, भाच्याकडून झिफा समजून घेतली आणि त्यानं जो प्रश्न विचारला, तो मला वाटतं या मातीतून आलेला कोणताही माणूस पहिल्यांदा विचारील.

"पेडलवर ईट ठेवली त?"

भाच्याचा चेहरा उजळला. याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा तो म्हणाला, "त्याच्यासाठीच त सोडा लागते मोठे मामाजी. नुसतं दाबून ठेवलं त चालत नाही. ईट दाबू शकते, सोडू शकत नाही."

दादा बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला. आपल्या मनातली वीट एका परक्या देशातल्या इंजिनिअरनं आपल्या आधी ओळखली, याचं त्याला वाईट वाटलं की कौतुक, हे कळायला मार्ग नव्हता. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला डेडमॅन हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक. ती युक्ती चांगलीच आहे. पण जर्मन माणूस त्याच्या एक पाऊल पुढं गेला: मेलेल्या ड्रायव्हरचं वजनही हँडलवर पडू शकतं, हा विचार त्यानं शांतपणे टेबलाशी बसून केला आणि मग जेवायला गेला असणार.

आपल्याकडच्या विजेच्या आणि डिझेलच्या इंजिनांतही असलं यंत्र आहे, व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस. ते जरा दमानं घेतं. ६० सेकंद ड्रायव्हरनं काहीच केलं नाही तर ८ सेकंद दिवा, मग ८ सेकंद दिवा आणि बझर, आणि मग ब्रेक. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की वेगळं बटण दाबायची गरजच पडत नाही. नॉच बदलला, ब्रेक हलवला, तरी यंत्राची खात्री पटते. आणि हॉर्न वाजवला तरीही पटते! हॉर्न वाजवतोय म्हणजे माणूस जिवंत आहे, हे या देशात यंत्रालासुद्धा मान्य आहे. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बराबर हाय. मी त तीस वर्षं तेच केलं."

गावात झिफा कुणाला लगेच समजली असेल तर ती शेतकऱ्यांना. रानडुकरं आणि रोही यांच्यापायी आमच्याकडं पिकाच्या दिवसांत रात्री शेतात जागलीला जावं लागतं. माळ्यावर बसलेला माणूस थोड्या थोड्या वेळानं डबडं वाजवतो, हाळी देतो. ती हाळी डुकरांसाठी असतेच, पण पलीकडच्या शेतातल्या माणसासाठीही असते. तो उलट हाळी देतो. त्याची हाळी आली नाही तर इकडचा माणूस बॅटरी घेऊन बांध ओलांडून बघायला जातो. शेजारचे एक काका भाच्याचा खेळ पाहून म्हणाले, "म्हंजे जागलच हाय ना ही. फक्त इथं डुक्कर नाही." भाचा म्हणाला, "डुक्कर पुढं येते काकाजी. थांबा."

पुढं जे येतं त्याचं नाव पीझेडबी. इथून खरा खेळ सुरू होतो.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. या खेळात या सगळ्या सुरक्षा यंत्रणा मुळात बंदच असतात. कुणीही गाडी सुरू करावी आणि डोंगर-नदी बघत सुखानं जावं. ज्याला जाच हवा असेल त्यानं तो आपल्या हातानं सुरू करून घ्यायचा. भाच्यानं तो पहिल्याच दिवशी सुरू केला. सकाळी दूध आणायला तीनदा उठवावं लागणारा मुलगा रात्री स्वतःच्या हातानं एक जर्मन मास्तर मानगुटीवर बसवून घेतो, याचं कोडं मला उलगडलेलं नाही.

पीझेडबीची मूळ आवृत्ती जर्मनीत १९३४ सालापासून आहे. तिला इंडुझी म्हणत. रुळाच्या बाजूला चुंबक बसवलेले असतात, ते तीन प्रकारचे: १०००, ५०० आणि २००० हर्ट्झचे. इंजिन चुंबकावरून गेलं की इंजिनाला कळतं, पुढचा सिग्नल काय म्हणतोय. पिवळा सिग्नल, म्हणजे 'पुढं लाल असू शकतो' असं सांगणारा, त्याच्यापाशी १००० हर्ट्झचा चुंबक. तिथून गेल्यावर चार सेकंदांच्या आत ड्रायव्हरनं 'वाखझाम' नावाचं बटण दाबायचं. वाखझाम म्हणजे सावध. खेळात ते 'पेज डाउन'वर आहे. बटण दाबलं म्हणजे तुम्ही कबूल केलं की पिवळा मी पाहिला. त्यानंतर प्रवासी गाडीला २३ सेकंद मिळतात, तेवढ्यात वेग ८५ च्या खाली आणायचा. मालगाडी जड असली तर ३८ सेकंद मिळतात, पण वेग ५५ वर आणावा लागतो.

दादा एका रात्री म्हणाला, "सरक तिकडं." आणि गाडी त्यानं हातात घेतली.

काय चालवली! गाडी शंभराच्या वर होती. लांबवर पिवळा दिसला तसा त्यानं हलकेच ब्रेक लावायला सुरुवात केली. मागच्या सीटवर बाळंतीण बसली आहे असं समजून ब्रेक लावायची एसटीतली जुनी सवय. वेग अगदी अलगद उतरत होता. भाचा मध्येच "मोठे मामाजी, बटन! बटन!" म्हणून ओरडला. दादा म्हणाला, "दिसून राहिला मले. लहान पोरगा हाओ का?" चार सेकंद संपले. इंजिनानं किंचाळून ब्रेक लावले आणि गाडी एका पुलावर मधोमध उभी राहिली.

दादा संतापला. त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. "ब्रेक त मी लावलाच होता ना! मी लावला तवा याचं काम काय होतं?" भाच्यानं समजावलं की ब्रेक लावला हे ठीक, पण पिवळा पाहिला हे सांगितलं नाही. दादा म्हणाला, "पाहिल्याशिवाय कोणी ब्रेक लावते का?" यावर भाच्याकडं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडंही नव्हतं.

पण नंतर मला वाटलं की आपलं आणि पीझेडबीचं न जमण्याचं कारण नेमकं हेच आहे. आपल्याकडं माणसांच्या दोन जाती. एक, 'हो हो, करतो' म्हणून न करणारी. ग्रामपंचायतीपासून घरातल्या भाच्यापर्यंत ती सर्वत्र आढळते. दुसरी, न बोलता करणारी. दादा या जातीचा. मुलीचं लग्न ठरवून आला तेव्हासुद्धा वहिनींना दोन दिवसांनी पत्रिका छापायला टाकल्यावर कळलं. पीझेडबीला या दोन्ही जाती नामंजूर आहेत. आधी तोंडानं हो म्हणा, आणि मग ते करूनही दाखवा, आणि दोन्हीला वेगळी मुदत. हो म्हणायला चार सेकंद, करायला तेवीस. हो म्हणून केलं नाही तर ब्रेक. केलं पण हो म्हटलं नाही तरीही ब्रेक. अशा यंत्राशी आपल्या भागात कुणाचाही संसार टिकणं कठीण.

आणि हे इथं संपत नाही. ८५ च्या खाली गाडी आणली, आता पुढं? ७०० मीटर गेल्यावर इंजिनातला पिवळा दिवा विझतो. समोर 'फ्राय' नावाचं बटण असतं, म्हणजे मोकळं. खेळात ते 'एंड'वर. दाबलं की बंधनातून सुटका. दादाचा हात लगेच तिकडं गेला. गाडीला उशीर झालेला, दिवा विझलेला, बटण समोर. कोण दाबणार नाही? पण ही जर्मन लोकांनी मांडलेली परीक्षा आहे. दिवा विझला तरी देखरेख १२५० मीटरपर्यंत गुपचूप चालूच असते. पुढचा सिग्नल हिरवा झालेला डोळ्यांनी पाहिला असेल तरच मोकळं व्हायचं. न पाहता मोकळं झालात आणि त्या टप्प्यात ५०० हर्ट्झचा चुंबक लागला, तर यंत्राच्या लेखी तुम्ही खोटारडे ठरता. लाल असताना सुटका मागितलीत! लगेच ब्रेक.

हा ५०० चा चुंबक लाल सिग्नलच्या साधारण अडीचशे मीटर अलीकडं असतो. त्याच्यावरून जाताना वेग ६५ च्या आत हवा, आणि पुढच्या १५३ मीटरमध्ये तो ४५ वर आला पाहिजे. १५० नाही, १५३. आणि इथं फ्रायचं बटण कितीही दाबा, काही होत नाही. शेवटी लाल सिग्नलपाशी २००० हर्ट्झचा चुंबक. तो काही विचारत नाही, तुमचं ऐकत नाही, थेट ब्रेक लावतो. शेजारच्या काकांनी याला लगेच ओळखलं. "हे डुक्कर," ते म्हणाले.

दादा आता ईर्ष्येला पेटला. पेज डाउन दाबायला शिकला. इतका शिकला की एका रात्री वहिनी त्याला म्हणाल्या, "उद्या दळण आणा लागते बरं," तर हा चार सेकंदांच्या आत "पाहिलं" म्हणाला. दळण आणलं नाही, पण वहिनींना तेवढंही पुष्कळ होतं.

मग तो स्टेशनवर अडला. मागं एक पिवळा लागून गेला होता, गाडी रीतसर फलाटावर थांबली, माणसं चढली-उतरली, दारं लागली. दादानं गाडी काढली तर समोर दोन दिवे आळीपाळीनं मिचकायला लागले. भाचा म्हणाला, "आता ४५ च्या वर नका जाऊ." दादा पन्नासला गेला आणि गाडी उभी. "स्टेशनात थांबलो हा गुन्हा झाला का बे?" दादा म्हणाला. नियम असा की चुंबकाची देखरेख चालू असताना गाडी १५ सेकंदांहून जास्त वेळ ताशी १० किलोमीटरच्या खाली राहिली, की यंत्र आणखी कडक होतं.

हा नियम वाचताना नुसता छळ वाटतो, पण त्याच्यामागं एक तारीख आहे. २ फेब्रुवारी १९९० ला फ्रँकफर्टजवळच्या रुसेल्सहाइम स्टेशनातून निघालेली एक लोकल लाल सिग्नल ओलांडून पुढं गेली. चुंबकानं आपलं काम केलं, ब्रेक लागले, पण तोवर गाडीनं इतका वेग घेतला होता की ती थांबली ती समोरून येणाऱ्या गाडीच्या वाटेत. १७ माणसं गेली. त्यानंतर ही पीझेडबी ९० आली. थांबून निघालेल्या गाडीला वेगच घेऊ द्यायचा नाही, म्हणजे लालवरून गेली तरी लगेच उभी करता येईल. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा दादानं फक्त "किती?" म्हणून विचारलं. पुढच्या स्टेशनातून त्यानं गाडी काढली ती चाळीसवर, आणि दिवे विझेपर्यंत चाळीसवरच ठेवली. ज्याच्या शोकेसमध्ये बिल्ला आहे त्याला आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण जर्मन शिस्तीचं फार कौतुक व्हायला लागलं की मी मध्ये एक काडी टाकतो. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली वेळेवर धावल्या त्या फक्त ६२.५ टक्के. आणि वेळेवर याचा अर्थ त्यांच्याकडं सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. हा आकडा ऐकून आमच्या ओसरीवर जो आनंद पसरला तो वर्ल्ड कपच्या दिवशी पाहिला होता. आईसुद्धा आतून म्हणाली, "मंग कायले एवढं ठोकून राहिला?" हिंगणघाट स्टेशनवर बाकड्यावर बसून घोषणा ऐकण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना जर्मनी एकदम मामेबहिणीच्या सासरइतकी जवळ आली.

आणखी एका ठिकाणी आपलं त्यांच्याशी जमतं, ते म्हणजे कागद. सिग्नल बिघडला आणि लालच राहिला तर काय करायचं? जर्मन स्टेशनवाला ड्रायव्हरला रीतसर लेखी हुकूम देतो, त्याला 'बेफेल' म्हणतात. मग ड्रायव्हरनं बेफेलचं बटण दाबून धरायचं आणि ४० च्या आत राहून लाल ओलांडायचा. आपल्याकडं याच कामासाठी टी/३६९ (३ ब) नावाचा मेमो असतो. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर बिघडलेला लाल ओलांडत नाही. दादाला हा भाग ऐकताच पटला. तीन दशकं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाचा चुंबकावर विश्वास नसेल, मेमोवर असतो.

भाच्यानं एकदा आम्हाला कासेल ते व्युर्झबुर्ग या वेगवान मार्गावरही नेलं. जर्मनीत ताशी १६० च्या वर जायचं तर सिग्नलवर भागत नाही, या मार्गावर रुळांच्या मध्ये केबल टाकलेली असते आणि ती दर १०० मीटरवर बाजू बदलते. गाडी कुठं आहे आणि किती वेगानं जायचं हे इंजिनाला सतत कळत राहतं. तिचं नाव एलझेडबी. १९६५ साली म्युनिकच्या प्रदर्शनात ताशी २०० चा वेग दाखवला तेव्हापासून ती आहे. अडीचशेनं गाडी चालली होती आणि दादाला करायला काहीच नव्हतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "यात मजा नाही. आपली जंक्शनचीच लाव."

आपल्या देशातही आता 'कवच' येत आहे. ४ मार्च २०२२ ला सिकंदराबाद विभागात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले, समोर त्याच रुळावर दुसरं इंजिन उभं केलं, आणि कवचनं मंत्र्यांची गाडी ३८० मीटर अलीकडं आपोआप थांबवली. असा प्रयोग जगात फार मंत्र्यांनी केला नसेल. भाचा म्हणतो, मी नोकरीला लागीन तोवर कवच सगळीकडं आलेलं राहीन, म्हणून मी आतापासून सवय करून राहिलो. या वाक्यातला 'नोकरीला लागीन' हा भाग ऐकून त्याची आई फोनवर विरघळते आणि डोळ्यांचा विषय त्या दिवसापुरता मिटतो.

आपल्या इंजिनात आणखी एक यंत्रणा आहे, तिला वीज लागत नाही. सिग्नल दिसला की असिस्टंट हात वर करून मोठ्यानं रंग सांगतो आणि लोको पायलट तोच रंग परत मोठ्यानं म्हणतो. हे ऐकल्यापासून भाच्यानं मला असिस्टंट केलं आहे. मी "पिवळा!" म्हणतो, दादा "पिवळा!" म्हणतो. आमच्या घराण्यात एकानं म्हटलेलं दुसऱ्यानं जसंच्या तसं मान्य करण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळं सुरुवातीला दोघांनाही जड गेलं. दादाच्या तोंडून सवयीनं "कायचा पिवळा?" निघायचं.

परवा दादाची गाडी मस्त चालली होती. झिफा, वाखझाम, ८५, सगळं चोख. फ्रायच्या मोहात पडला नाही. समोर लाल दिसत होता, ५०० चा चुंबक आला तेव्हा वेग साठ होता आणि उतरत होता. भाचा श्वास रोखून उभा. दादा ४५ च्या आत आला आणि त्याच क्षणी गावातली वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि आईच्या खोलीतला दिवा आहे, जर्मनी नाही.

भाच्यानं कपाळाला हात लावला. इतका वेळ केलेली सगळी फेरी वाया, सेव्ह काही केलेलं नव्हतं. दादा मात्र खुर्चीवरून हलला नाही. मोबाइलची बॅटरी लावून त्यानं टेबलावरची भाच्याची परीक्षेची वही ओढली, मागचं कोरं पान काढलं आणि पेन भाच्याच्या हातात दिला.

"लिही. वीज गेल्यामुळं गाडी थांबली. ड्रायव्हरचा दोष नाही."

"मोठे मामाजी, कोण पाहणार हाय हे?"

"वेळ टाक," दादा म्हणाला. "आणि खाली मामाजीची सही घे. असिस्टंट म्हणून."